वर्तणूक : समाधानकारक

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर वर्तणुकीचा एक रकाना असतो. दाखला हातात पडला की पालक आधी नाव तपासतात, मग जन्मतारीख, मग आडनावाचे स्पेलिंग. या रकान्याकडे त्यांचे लक्ष जात नाही. शिक्षकाचे मात्र सर्वांत आधी तिथेच जाते. त्यात काय लिहावे याचा नियम कुठे छापलेला नाही, तरी तो प्रत्येक शाळेतल्या प्रत्येक शिक्षकाला ठाऊक असतो. चांगल्या मुलासाठी ‘व्हेरी गुड’, साधारण मुलासाठी ‘गुड’. मारामाऱ्या करणाऱ्या, खिडक्या फोडणाऱ्या मुलासाठीसुद्धा ‘गुड’च, कारण पोर निघून चालले आहे, पुढे सुधारेल, आपण कशाला त्याच्या वाटेत यावे. ‘सॅटिस्फॅक्टरी’, म्हणजे समाधानकारक, हा शब्द शब्दकोशात अगदी निरुपद्रवी आहे. दाखल्यावर तो आला की पुढची शाळा समजते : या मुलाबद्दल आम्हाला काही सांगायचे आहे, पण ते आम्ही कागदावर लिहिणार नाही.

मस्कतमधल्या एका भारतीय शाळेत मी एकोणीस वर्षे इंग्रजी शिकवते आहे. या काळात तो शब्द मी तीन वेळा लिहिला. दोनदा पुष्कळ विचार करून, मुख्याध्यापिकांशी बोलून. तिसऱ्यांदा तेरा वर्षांच्या एका मुलीच्या नावापुढे लिहिला, तो रागापोटी आणि कोणाशीही न बोलता. ती मुलगी तेव्हा कोकणातल्या एका निवासी शाळेत जागा मिळवण्याच्या खटपटीत होती, आणि हे मला माहीत होते.

घडले ते क्रमाने सांगते.

आठवीच्या पूरक वाचनात त्या वर्षी आयर्लंडच्या पुराणकथांमधल्या एका जादूच्या तलवारीवर धडा होता. तिचे नाव फ्रागराख. मुळात ती समुद्राच्या देवाची. पुढे एका तरुण वीराकडे येते. माझ्या सवयीप्रमाणे मी तिचे गुण फळ्यावर आकडे घालून लिहिले. एक, कोणतेही चिलखत तिला अडवू शकत नाही. दोन, तिने केलेली जखम भरून येत नाही. तीन, ती ज्याच्या गळ्याशी धरली जाते तो माणूस जागचा हलू शकत नाही, आणि खोटे बोलू शकत नाही. तिच्या नावाचा अर्थ काही जण ‘उत्तर देणारी’ असा करतात, काही जण ‘सूड उगवणारी’ असा. तेही मी खाली लिहिले आणि दोन्ही वहीत उतरवून घ्या म्हणून सांगितले.

वर्ग खुशीत होता. मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, “मॅम, आमच्या घरी आहे अशी. मम्मीचं लाटणं!” दुसरा म्हणाला, “तुझी मम्मी विचारायच्या आधीच मारते, ते वेगळं.” हशा ओसरल्यावर दुसऱ्या रांगेतल्या एका मुलीने हात वर केला. “मॅम, ज्याने खरं सांगितलं, त्याला मग सोडून देतात का?”

मी म्हणाले, “धड्यात तसं दिलेलं नाही. परीक्षेला येणार नाही.”

आमच्याकडे प्रत्येक धडा एखाद्या कृतीने संपवावा लागतो. पाठनियोजनाच्या वहीत तिच्यासाठी चौकट असते आणि ती भरली नाही तर वही परत येते. मी बत्तीस चिठ्ठ्या एकाच मापाच्या कापून आणल्या होत्या. हातातली एक फुटाची लाकडी पट्टी मी तलवारीसारखी धरली आणि म्हटले, “समजा, ही तलवार आता तुमच्या गळ्याशी आहे. या वर्गात तुमच्या बाईंनी काय बदलावं? खरं तेच लिहा. नाव घालू नका. खरं लिहिल्याबद्दल कुणालाही काहीही होणार नाही, हे माझं वचन.” मुले एकमेकांकडे पाहू लागली. दुसऱ्या रांगेत जरा कुजबुज झाली, मग सगळ्या माना खाली गेल्या.

दुपारी अझैबा भागातल्या आमच्या घरी जेवण झाल्यावर मी त्या चिठ्ठ्या टेबलावर मांडल्या. गृहपाठ कमी द्या. एसी फार थंड असतो. जागा बदलून द्या, माझा शेजारी झोपतो. मॅमच्या चपला वाजतात, त्यामुळे त्या येताहेत हे आम्हाला आधीच कळते, तरी त्या बदलू नका. मी एकटीच हसत होते. मग सव्विसावी चिठ्ठी उघडली. ती इंग्रजीत होती. मराठीत सांगायचे तर अशी :

‘मॅम आमची चुकलेली उत्तरे मोठ्याने वाचतात आणि आमच्यासारखे बोलून दाखवतात. सगळे हसतात. अमेरातच्या बसने येणाऱ्यांचीच जास्त वाचतात, कारण आमच्या घरी इंग्रजी नाही. माझी मैत्रीण पेपर परत मिळायच्या दिवशी घरी राहते. मीसुद्धा हसते. नाही हसले तर मॅमना कळेल.’

चुकलेली उत्तरे वर्गात वाचून दाखवणे ही माझी पद्धत होती. माझ्या लहानपणी आमच्या गुरुजींची होती, म्हणून माझी. ऐकलेली चूक कायमची लक्षात राहते, असे मी नव्या शिक्षिकांना आवर्जून सांगत असे. वाचताना थोडी नक्कल होई, हे खरे. मुले हसत, आणि वर्ग माझ्या मुठीत आहे असे मला वाटे.

संध्याकाळी यजमान कचेरीतून आले. टेबलावरचा पसारा पाहून म्हणाले, “काय, लागला का बाईंचा निकाल?”

मी ती चिठ्ठी पुढे केली. त्यांनी ती उभ्यानेच वाचली.

“खरं आहे का हे?”

“अतिशयोक्ती आहे.”

“मग एवढी लाल का झालीस?”

“एवढं करते मी या मुलांसाठी, आणि—”

“कुणी लिहिलंय?”

“नावं घालायची नव्हती.”

“ते नाही विचारलं. तुला कळलंय ना?”

मी बाकीच्या चिठ्ठ्या गोळा करू लागले. त्यांनी चिठ्ठी जागेवर ठेवली. “विसर आता. काही होणार नाही म्हणून तूच सांगितलंस ना त्यांना?”

मला कळले होते. तळहाताएवढ्या त्या चिठ्ठीच्या डाव्या बाजूला पेन्सिलीने समास आखलेला होता. दोन बोटे रुंद, पट्टीने ओढलेला, वरपासून खालपर्यंत सरळ. सहावीत हा वर्ग पहिल्यांदा माझ्याकडे आला तेव्हा समास मीच शिकवला होता. बाकीच्यांनी तो वहीपुरता ठेवला. कोऱ्या कागदावर, पाठकोऱ्या कागदावर, वाढदिवसाच्या भेटकार्डावरसुद्धा समास आखणारी मुलगी एकच होती, धड्याबाहेरचा प्रश्न विचारणारी. तिचे वडील रुसैलच्या एका कारखान्यात गोदाम सांभाळत. घर शहराबाहेर, स्वस्त भाड्याच्या अल अमेरातला. मूळ गाव रत्नागिरीकडचे.

इथे मी थांबायला हवे होते. मी पेन्सिल घेतली आणि तिच्या चिठ्ठीच्या कोपऱ्यात तिचा हजेरी क्रमांक लिहिला. मग वाटले, एकीचा लिहिला तर इतरांचाही लिहावा. अक्षरांवरून, शाईवरून, घडी घालण्याच्या तऱ्हेवरून अकरा जण ओळखू आले. अकरा चिठ्ठ्यांवर मी क्रमांक घातले, सगळ्या एका पाकिटात भरल्या आणि पाकीट शाळेतल्या माझ्या खणात नेऊन ठेवले. हे मी कशासाठी केले, याचे उत्तर मला आजही देता येत नाही. नोंद करून ठेवायची सवय, एवढेच तेव्हा स्वतःला सांगितले.

दुसऱ्या दिवसापासून मी चुकलेली उत्तरे वाचणे बंद केले. बाई सुधारल्या, असेच कोणालाही वाटले असते. पण त्या मुलीचा हात वर गेला की माझी नजर तिच्या डोक्यावरून मागच्या रांगेकडे जाऊ लागली. तिच्या उत्तरपत्रिका मी जास्त काळजीपूर्वक तपासू लागले. जिथे इतरांना अर्धा गुण सोडून देत असे, तिथे तिचा कापला. प्रत्येक कापलेला अर्धा गुण नियमात बसत होता. एखाद्याने तपासणी केली असती तर मी एकेका गुणाचे समर्थन करू शकले असते. वार्षिक कार्यक्रमात त्याच तलवारीच्या कथेचे निवेदन होते. ते तिला द्यायचे ठरले होते. ते मी दुसऱ्या मुलीला दिले. कारण विचारले गेले तर ‘उच्चार’ असे सांगायचे योजून ठेवले होते. तिने विचारले नाही. हात मात्र ती वर करीतच राहिली.

फेब्रुवारीच्या शेवटी तिची आई दाखल्याचा अर्ज घेऊन शिक्षकखोलीत आली. बरोबर मुलगी होती. ती दारातच उभी राहिली.

“बसा ना,” मी म्हटले. “अचानक दाखला?”

“काय सांगू मॅडम. हिच्या अब्बांचं काम गेलं. बारा वर्षं त्या गोदामात काढलान माणसानं. अर्बाबनं, मालकानं, एका दिवसात सांगितलान, कारखाना बंद, खलास. मार्चनंतर विजा नाय.” मग स्वतःच हसली. “यल्ला, चला आता घरी. घर तरी हाय म्हणा.”

“हिची शाळा?”

त्यांनी खुर्ची पुढे ओढली. गावापासून दीड तासावर मुलींची एक निवासी शाळा आहे, नववीत एकच जागा रिकामी आहे, कॉम्प्युटरवर घेतलेल्या परीक्षेत मुलगी पहिली आली आहे, आता दाखला पाहायचा तेवढा राहिला आहे, असे त्यांनी सांगितले. “नाय झालं तर मामाकडं ऱ्हायला लागंल. मामा चांगला हाय, पण तिथून कॉलेज लांब, दोन एश्ट्या बदलायच्या. तिथल्या पोरी धावी झाल्या की घरात बसतात. म्हणून जीव टांगलाय.”

दाखल्यासाठी वर्गशिक्षकाने, म्हणजे इथे मीच, एक फॉर्म भरून द्यायचा असतो. त्यावरून कार्यालयातले लिपिक दाखला छापतात. मी पेन उघडले. उपस्थिती, शेवटची परीक्षा, निकाल. त्या बोलत होत्या. “तुमच्यामुळं पोरगी इंग्रजी बोलाय लागली, मॅडम. घरात आमाला सुधारते. मॅम असं म्हणतात, मॅम तसं म्हणतात.”

मी मान वर करून दाराकडे पाहिले. मुलगी आपल्या बुटांकडे पाहत होती. घरी माझे नाव घेतेस आणि चिठ्ठीत ते लिहितेस, असे माझ्या मनात आले. स्पष्ट आठवते : नेमके हेच वाक्य. आणि पेन वर्तणुकीच्या रकान्यावर होते.

शब्द लिहून झाल्यावर त्यांनी फॉर्म वळवून पाहिला. “हितं काय लिवलंत?”

“वर्तणूक समाधानकारक आहे, असं.”

“आल्ला! तुमचं समाधान हाय, म्हणजे झालं की.”

दुसरा कोरा फॉर्म खणात होता. पहिल्यावर खाडाखोड चालत नाही, पण दुसरा भरायला दोन मिनिटे लागली असती. त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले, आभार मानले, आणि फॉर्म घेऊन कार्यालयाच्या खिडकीकडे गेल्या. मी त्यांना थांबवले नाही. पुढचा तास नववीवर होता. मी खडू उचलून वर्गावर गेले.

रमझान सुरू झाला होता, शाळा लवकर सुटत होती. एके दिवशी मुले गेल्यावर त्या पुन्हा आल्या, या वेळी एकट्याच. चेहरा उतरलेला होता. काही न सुचून मी पाण्याची बाटली पुढे केली.

“रोजा हाय, मॅडम.”

मी बाटली मागे घेतली. इतक्या वर्षांत ही चूक माझ्याकडून झाली नव्हती.

“त्या शाळेतनं फोन आला,” त्या म्हणाल्या. “तिथल्या मोठ्या बाई विचारतात, पोरीनं काय केलान? म्हणाल्या, असा दाखला कोण उगाच देत नाय. आमाला काय कळंना. हिला विचारलं, तर नुसती गप. हिच्या अब्बांनी जल्मात पोरीवर हात उगारला नव्हता. काल उगारलान. मारलं नाय. उगारलान.” त्यांनी थेट माझ्याकडे पाहिले. “तुमी तिला रोज बघता. काय केलान तिनं? चोरी केलीन? कुणाशी बोलते? खरं काय ते सांगा. मी ऐकून घेईन.”

त्या प्रश्नाला उत्तर द्यायला माझ्याजवळ चार शब्द होते : तिने काहीच केलेले नाही. ते उच्चारले असते तर पुढचा प्रश्न आला असता.

“कार्यालयात काहीतरी चूक झालेली दिसते,” मी म्हटले. “मी बघते. दुरुस्त करून देते.”

त्यांनी डोळे मिटून दीर्घ श्वास सोडला. “बघा, मी ह्यांना तेच सांगत हुते. मॅडम असं लिवणार नायत.”

त्या गेल्यावर मी आधी कार्यालयात गेले. आमचे लिपिक केरळचे. पंचवीस वर्षे दाखल्यांचे रजिस्टर त्यांच्याच हाती आहे. मी काय बोलणार हे त्यांना ठाऊक असावे. माझ्या फॉर्मची फाइल त्यांनी आधीच काढून ठेवली होती.

“मॅडम, टायपिंग मिस्टेक बोलके लिख दो,” ते म्हणाले. “मैं साइन करता. मेरा क्या है, दो साल में रिटायर.”

“मिस्टेक आपका नहीं है.”

“वो तो मालूम है. फॉर्म पे हँडरायटिंग आपका है. मैंने दो बार देखा था उस दिन. सोचा, पूछूँ क्या? फिर सोचा, मॅडम कभी ऐसे ही नहीं लिखती.” त्यांनी चष्मा काढला. “लडकी ने किया क्या था?”

“कुछ नहीं.”

“फिर?”

मी फाइल उचलली आणि मुख्याध्यापिकांकडे गेले. त्याआधी शिक्षकखोलीत बसून एक पत्र लिहून घेतले. त्यात मी लिहिले होते, की ही नोंद मी वैयक्तिक रागातून केली, विद्यार्थिनीची वर्तणूक उत्कृष्ट आहे आणि दोष सर्वस्वी माझा आहे. मुख्याध्यापिकांनी ते दोनदा वाचले. त्या वाईट बाई नाहीत. त्या म्हणाल्या, “हे पत्र मी शाळेच्या कागदावर पाठवू शकत नाही. रागातून दाखले लिहिणारी शाळा, असं झालं तर आजवर गेलेल्या प्रत्येक मुलाच्या दाखल्याकडे लोक संशयानं पाहतील. तुम्हाला तिचं भलं करायचंय ना? मग लिपिकाची चूक म्हणा. सुधारित दाखला आज निघेल.”

“पण चूक त्यांची नाही.”

“ते तयार आहेत, असं समजलं.”

मी वाद घालू शकले असते. आजच निघेल, या शब्दांना मी धरून बसले आणि लिपिकाची चूक म्हणणाऱ्या कागदावर सही केली. लिपिकांनीही केली. पंचवीस वर्षांत त्यांच्या फाइलीत लागलेला तो पहिला मेमो. दुसऱ्या दिवशी ते नेहमीसारखे “गुड मॉर्निंग, मॅडम” म्हणाले. मी खाली मान घालून हजेरीची सही केली.

सुधारित दाखला त्याच दुपारी मेलने गेला. तेवढ्यावर विसंबावेसे वाटेना, म्हणून कोकणातल्या त्या शाळेत मी स्वतः फोन लावला आणि तिथल्या मोठ्या बाईंना सगळे सांगितले. लिपिकाची चूक नव्हती, हेही सांगितले. त्यांनी मध्ये एकदाही तोडले नाही.

“तुमच्यावर माझा विश्वास बसला,” त्या शेवटी म्हणाल्या. “पण यादीतल्या पुढच्या मुलीला कालच पत्र गेलंय. तीही गरिबाचीच पोर आहे. आता तिची जागा कशी काढू?”

“एक जागा वाढवता येणार नाही का?”

“खाटा मोजलेल्या आहेत, बाई.” मग त्या म्हणाल्या, “काही खुलासा येईल म्हणून मी चार दिवस थांबले होते. तो शब्द आम्हीही लिहितो हो. म्हणून तर आम्ही तो वाचतो.”

सुधारित दाखल्याची मूळ प्रत घ्यायला मायलेकी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आल्या. आई कार्यालयाच्या खिडकीशी रजिस्टरवर सही करीत होती. मुलगी माझ्याकडे आली. शिक्षकखोलीत दुसरे कोणी नव्हते. वर्गात ती माझ्याशी इंग्रजीतच बोलत असे, नियमच तसा होता. त्या दिवशी मराठीत बोलली, अडखळत, एकेक शब्द शोधून.

“मॅम, एक विचारू? माझ्या चिटमुळं झालं?”

खोटे बोलायला जागा होती. आई खिडकीपाशी होती, गाडी खाली उभी होती, दोन दिवसांनी विमान होते.

“हो,” मी म्हटले.

तिने मान हलवली. तिला हे माहीत होते आणि तिने घरी सांगितले नव्हते, हे मला तेव्हा समजले. बाप हात उगारून उभा असतानाही सांगितले नव्हते.

“नाव तर नव्हतं. कसं कळलं?”

“समासावरून.”

 तिने मग जे विचारले त्याची मी तयारी केलेली नव्हती. “बाकीच्यांच्या चिटपण ओळखल्या?”

“काहींच्या.”

“किती?”

“अकरा.”

“मॅम, ते लोक लिहीत नव्हते.” तिचा आवाज पहिल्यांदा चढला. “सगळे बोलत होते, लिहू, एव्हरीथिंग इज गुड. मीच बोलले त्यांना, खरं लिहा, मॅमनी प्रॉमिस केलंय.”

“त्यांना काही होणार नाही. खरंच नाही.”

“तेव्हा पण असंच बोललात.”

मला क्षमा मागायची होती. वाक्य तयार होते, चांगले बांधलेले. ते सुरू करण्याआधीच ती म्हणाली, “अम्मीला नका सांगू. तिला तुम्ही लय आवडता. तिला तिकडं जाऊन रडायला नको.” मग म्हणाली, “पण क्लासला सांगा. तुम्हाला कळलंय, ते त्यांना माहीत पाहिजे. नायतर ते परत लिहितील.”

बाहेरून आईने हाक मारली. मुलगी गेली. क्षमा मागायची राहून गेली. मागितली असती तर तिला ‘इट्स ओके, मॅम’ म्हणावे लागले असते. आमच्या मुलांना तेच शिकवलेले असते. असे म्हणून मी स्वतःची समजूत घालते, पण ती पुरेशी पटत नाही. आईला मी आजवर काही सांगितलेले नाही. त्यांचा ईदला संदेश येतो : मुलगी मामाकडे आहे, तिथल्या शाळेत जाते, तुमची आठवण काढते. पुढच्या वर्षी ती दहावीत जाईल. त्यानंतरचे त्या लिहीत नाहीत आणि मी विचारत नाही.

वर्गाला मात्र सांगितले. एप्रिलमध्ये नवे सत्र सुरू झाले, तीच मुले नववीत माझ्याकडे आली. एकतीस. पहिल्या तासाला हजेरी झाल्यावर मी पाकीट टेबलावर ठेवले. किती चिठ्ठ्या ओळखल्या, क्रमांक कसे घातले, एका मुलीच्या बाबतीत पुढे काय केले, दाखल्यावर काय लिहिले, त्या शब्दाचा शाळा काय अर्थ घेतात, सगळे क्रमाने सांगितले. लिपिकांचेही सांगितले. चिठ्ठ्या ज्यांच्या त्यांना परत दिल्या. क्रमांक नसलेल्या टेबलावर पसरून ठेवल्या आणि आपापली ओळखून घेऊन जा म्हटले. कोणी उठले नाही. एरवी लाटण्याचे विनोद करणारा मुलगा फळ्याकडे पाहत होता.

दुसऱ्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. ती अमेरातच्या बसने येते. पेपर परत मिळायच्या दिवशी घरी राहणारी ती हीच. माझ्या तासाला तिने आपणहून तोंड उघडल्याचे मला आठवत नव्हते. तिच्या शेजारची जागा रिकामी होती.

“मॅम,” ती इंग्रजीत म्हणाली, चुकत, पण थांबली नाही. “तुम्ही आता सगळं खरं सांगितलं. मग तिला ती हॉस्टेलची सीट परत मिळणार?”

“नाही,” मी म्हटले.

ती खाली बसली नाही. तिला बस म्हणण्याचे धैर्य मला झाले नाही, आणि घंटा होईपर्यंत आम्ही दोघी उभ्याच होतो.